लोणारचा खार

दिवाळीची आवराआवर आमच्या घरी दरवर्षी एका बरणीपाशी येऊन अडते. चिनी मातीची, पिवळसर पोटाची आणि तपकिरी गळ्याची ही बरणी माळ्याच्या कोपऱ्यात असते. तिच्यात काहीही नाही. सून ती पुसते, हातात धरून माझ्याकडे पाहते, मी "असू दे" म्हणतो आणि बरणी पुन्हा माळ्यावर जाते. यंदा मात्र धाकट्या नातीने मधेच विचारले, "पण आजोबा, हिच्यात होतं तरी काय?" उत्तर द्यायला बसलो तेव्हा वाटले की दोन वाक्यांत संपेल. तसे ते संपले नाही, म्हणून वाचकांच्या फराळाच्या वेळेत थोडी लुडबूड करतो आहे.

बरणीत होता खार. नुसता खार नव्हे, लोणारचा खार. माझी आजी त्याला 'दल्ला' म्हणे. तिचे माहेर मेहकरकडचे, म्हणजे लोणारपासून जवळचे, आणि सासर हे आमचे वाळूज. मधले अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपासचे. पण तिचे लग्न झाले त्या काळी ते अंतर नुसत्या कोसांचे नव्हते. मेहकर वऱ्हाडात, इंग्रजांच्या अंमलाखाली. वाळूज औरंगाबाद जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेले, नाहीतर दोन्ही गावे एकाच दौलतीतली. उन्हाळ्यात माहेरचे कोणी आले की गाठोड्यात तूरडाळ, कुरडया आणि फडक्यात बांधलेले खाराचे खडे असत. करोडगिरीच्या नाक्यावर गाठोडे सोडून दाखवावे लागे आणि खडे पाहून नाकेदार हसे, असे आजी सांगे. इतक्या लांबून दगड कोण आणतो, असे त्याला वाटत असावे.

ते दगडच दिसत. मळकट पांढरे, मधूनमधून राखी रेघ असलेले, हाताला किंचित बुळबुळीत. जिभेला लावला तर आधी खारट, मग साबणासारखा तुरट. ह्या खड्याचा चुरा पाण्यात उकळायचा, गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळ घ्यायची आणि तिच्यात उडदाचे पीठ भिजवायचे. म्हणजे पापड लाटताना फाटत नाहीत आणि भाजताना फुलतात. आजीचा ह्यापलीकडे रसायनाशी संबंध नव्हता. मी मात्र पुढे रसायनशास्त्राचा मास्तर झालो, आणि सगळा घोळ तिथून सुरू झाला.

रसायनाच्या भाषेत हा खार म्हणजे सोडियम कार्बोनेट आणि त्याची भावंडे. एक भावंड धुण्याचा सोडा. त्याच्या स्फटिकात पाण्याचे दहा रेणू कोंडलेले असतात. कोरड्या हवेत उघडा ठेवला तर बहुतेक पाणी उडून जाते आणि पारदर्शक खड्याचे पांढरे पीठ होते. दुसरे खाण्याचा सोडा. तो सौम्य, तापवला किंवा आंबटाशी गाठ पडली की कर्बवायू सोडतो, म्हणून ढोकळ्याला जाळी पडते. तिसरे भावंड ह्या दोघांच्या मधले, निसर्गात खडकासारखे थरांनी जमणारे, ज्याला शास्त्रात ट्रोना म्हणतात. आजीच्या बरणीतला खडा मुख्यतः ह्या तिसऱ्याच्या गोत्रातला होता, हे मला फार उशिरा कळले.

आता हा खार लोणारात आला कोठून? वाळूजला माझ्या घराच्या पायात जो काळा पत्थर आहे, तोच लोणारच्या तळ्याभोवती आहे. वेरूळची लेणी ज्यात कोरली तो हाच. ह्या पत्थरात सोडियम असतेच. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कर्बवायू पिऊन किंचित आंबट होते, खडकाला चाटत चाटत त्यातले चुन्याचे, मॅग्नेशियमचे, सोडियमचे अंश विरघळवून घेते. आमच्याकडचे ते पाणी ओढ्यानाल्यांतून गोदावरीत आणि पुढे समुद्रात जाते. खार साचायला सवडच मिळत नाही. लोणारला पाण्याला बाहेर पडायची वाट नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा आणि काठापासून दीडशे मीटरच्या आसपास खोल असा तो वाडगा. पाणी आत येते ते आभाळाच्या वाटेनेच परत जाते, आणि जाताना सामान मागे टाकून जाते. चुना आणि मॅग्नेशियम आधी निवळून तळाशी बसतात. सोडियम विरघळलेलेच राहते आणि वर्षानुवर्षे दाट होत जाते. म्हणून त्या पाण्याचा सामू दहाच्या घरात असतो. हात बुडवला तर साबण लावल्यासारखा वाटतो, कारण कातडीवरची स्निग्धता त्या पाण्यात खरोखरच साबण होऊ लागते.

हा वाडगा कोणी कोरला, ह्यावर विद्वानांचे दीर्घकाळ एकमत नव्हते. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अंमलदाराने तळ्याची नोंद युरोपीयांपुढे ठेवली, आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे बहुतेकांनी त्याला ज्वालामुखीचे तोंडच मानले. भूगर्भ खात्यातर्फे ला टूश आणि ख्रिस्ती ह्यांनी ह्या शतकाच्या नव्हे, मागच्या शतकाच्या आरंभी तळ्याची पाहणी केली आणि १९१२ साली अहवाल छापला. शेवटी १९७३ साली खडकात आघाताने काचेसारखे झालेले खनिज सापडल्याचे प्रसिद्ध झाले आणि अशनी कोसळून हा खड्डा पडला हे मत पक्के झाले. केव्हा कोसळला? एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे येतात, तर २०१० च्या सुमाराच्या दुसऱ्या मापनाने पावणेसहा लाखांजवळ. फरक लहान नाही. आजीच्या हिशेबात मात्र हा प्रश्न केव्हाच सुटलेला होता. तिथे लवणासुर नावाचा दैत्य भुयारात राहत होता, विष्णूने दैत्यसूदन होऊन त्या भुयाराचे झाकण पायाच्या अंगठ्याने उडवले आणि दैत्याला मारले. पाणी म्हणजे त्याचे रक्त आणि खार म्हणजे त्याचे मांस. गावात दैत्यसूदनाचे सुंदर देऊळ आहे. वरून काहीतरी आदळले आणि झाकण दूर उडाले, एवढ्यापुरते पुराण आणि भूगर्भशास्त्र एकमेकांच्या बरेच जवळ येतात. त्याहून जास्त ओढाताण मी करणार नाही.

लोणार हे नावच लवणाचे. जिभेवरचे 'लोणचे' त्याच कुळातले, आणि मीठ पिकवणारे, पुढे चुना नि कोळसा भाजणारे लोणारीही त्याच शब्दाचे वारस.

खाराची कीर्ती मात्र पापडापुरती नव्हती. अकबराच्या दरबारी अबुल फझलने 'आईने अकबरी' रचली तीत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात मेहकरच्या अनुषंगाने लोणार येते. ब्राह्मण त्याला विष्णुगया म्हणतात, चहूकडे डोंगर आणि मधे खाऱ्या पाण्याचे तळे आहे, तिथे काच आणि साबण करायला लागणारा माल सापडतो आणि त्यापासून सरकारला चांगले उत्पन्न येते, असा त्या नोंदीचा आशय आहे. दिल्ली-आग्र्याच्या दरबाराला ह्या कोपऱ्यातल्या गावाची आठवण देवळासाठी जितकी, तितकीच खारासाठीही होती.

काच आणि साबण, ह्या दोन शब्दांत ह्या लवणाचा निम्मा इतिहास आहे. वाळू एकटी वितळवायची तर सतराशे अंशांच्या घरातली आच लागते, ती गावच्या भट्टीला कोठून आणायची? वाळूत सोडा घातला की ती पुष्कळ कमी आचेवर पाघळते. थोडा चुना घातला की झालेली काच पाण्यात विरघळत नाही. काचाऱ्याची बांगडी, अत्तराची कुपी, खिडकीचे तावदान ही सारी वाळू, सोडा आणि चुना ह्या त्रयीची लेकरे. साबणाचेही तसेच. सोड्याच्या द्रावणात कळीचा चुना टाकला की दाहक क्षार तयार होतो, आणि तो तेलाबरोबर उकळला की साबण. ही कृती परदेशातून आली असे समजण्याचे कारण नाही. सुश्रुताने झाडांची राख पाण्यात कालवून, गाळून, भाजलेल्या चुनखडीबरोबर आटवून तीक्ष्ण क्षार करण्याचा विधी सांगितला आहे आणि त्या क्षाराने भाजले तर आंबट लावावे असेही सांगितले आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय ह्यांनी १९०२ साली हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला, त्यात ह्या विधीची वाखाणणी केली. वर्गात आम्ल आणि क्षार एकमेकांना मारतात हे शिकवताना मी नेहमी सुश्रुताचे उदाहरण देत असे. मुलांना लिटमसपेक्षा ते जास्त आवडे.

आमच्या मुलखातल्या कसबांना खारावाचून गत्यंतर नव्हते. कच्च्या रेशमाला नैसर्गिक डिंक असतो. तो क्षाराच्या पाण्यात उकळून काढल्याशिवाय धागा मऊ होत नाही, त्याला झळाळी येत नाही आणि रंगही नीट चढत नाही. पैठणी विणणारा विणकर असो की औरंगाबादचा हिमरूवाला, त्याच्या मागावर चढण्याआधी रेशमाला ह्या आंघोळीतून जावेच लागे. निळीच्या पिंपाला क्षार लागे. दौलताबादेच्या वरच्या अंगाला कागजीपुरा आहे, तिथे शतकानुशतके हातकागद होत आला. जुन्या हातकागदाच्या कृतीत ताग नि चिंध्या चुन्यात आणि साजीखारात भिजवून कुटत. परीट तर साजीवाचून पाणवठ्यावर उतरत नसे. ह्यांतल्या प्रत्येकाच्या घरी लोणारचाच खार होता असे मी म्हणत नाही. नदीकाठच्या खारवट जमिनीवर फुलणारी साजी गावोगाव मिळे. लोणारचा माल त्या सगळ्यांत नावाजलेला, एवढेच.

तो काढण्याची रीत कष्टाची होती. चैत्र-वैशाखात तळे आक्रसले की काठावर पांढरी साय धरे, आणि उघड्या अंगाचे मजूर चिखलात उतरून तळचे थर चाचपीत, फोडीत, डोक्यावरून काठावर आणीत. ते पाणी अंगाला किती झोंबत असेल ह्याची कल्पना मी प्रयोगशाळेत बोटे भाजून घेतल्यावर आली. माल काठावर सुकला की त्याची प्रतवारी होई, आणि प्रत्येक प्रतीला नाव होते: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. घट्ट खडा तो दल्ला. ज्यात खाण्याचे मीठ जास्त तो निमक दल्ला. पातळ पापुद्र्याची ती पापडी. भुगा ती भुसकी. इंग्रज अधिकाऱ्यांनी ही नावे जशीच्या तशी आपल्या दप्तरात उतरवून घेतली, आणि मग पृथक्करण करून पाहिले तर प्रत्येक नावामागे कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि मीठ ह्यांचे निरनिराळे प्रमाण निघाले. डोळा, बोट आणि जीभ एवढ्याच उपकरणांवर मजुरांनी ही प्रतवारी केली होती.

मग हा धंदा बसला कसा? तळ्यातला खार संपला नाही. खार दुसरीकडे स्वस्त झाला.

अठराव्या शतकात युरोपातही सोडा झाडांच्या आणि समुद्रशेवाळाच्या राखेतून येई. स्पेनची राख फ्रान्सला लागे आणि लढाई सुरू झाली की साबण-काचेचे कारखाने उपाशी. म्हणून साध्या मिठापासून सोडा करून दाखवणाऱ्याला फ्रान्समध्ये बक्षीस जाहीर झाले. निकोला लब्लांकने ते साधले, १७९१ साली त्याला हक्कपत्रही मिळाले. पण बक्षीस हाती पडले नाही. राज्यक्रांतीत त्याच्या आश्रयदात्या सरदाराचे डोके गिलोटिनखाली गेले, कारखाना जप्त झाला, आणि १८०६ साली लब्लांकने आपल्या हाताने जीव दिला. त्याच्या कृतीने पुढे इंग्लंडात कित्येक गब्बर झाले आणि कारखान्यांच्या आम्लाच्या धुराने भोवतालची झाडे जळाली. १८६१ साली बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हेने दुसरी वाट काढली: मिठाचे पाणी, अमोनिया आणि चुनखडी भाजून निघणारा कर्बवायू. ह्या कृतीत आधी हाती येतो खाण्याचा सोडा, तो भाजला की धुण्याचा. अमोनिया पुन्हा पुन्हा वापरता येतो, म्हणून खर्च थोडा. आपल्याकडे काठेवाडच्या समुद्रकाठी मिठापूरला १९३९ साली टाटा केमिकल्स निघाली. पांढराशुभ्र, एकसारखा, गोणीबंद सोडा आगगाडीने कोठेही जाऊ लागल्यावर चैत्राच्या उन्हात चिखलात उतरणाऱ्याचा मळकट खडा कोण घेणार? काचवाल्याला तर त्यातले मीठ आणि माती नकोच होती.

घेणाऱ्या उरल्या आजीसारख्या बायका. साठीच्या दशकात तिच्या माहेरून येणारे फडके लहान होत गेले आणि एका वर्षी आलेच नाही. बरणीत शेवटचे तीन-चार खडे उरले, ते ती पुरवून पुरवून वापरी. मध्ये एकदा मी बाजारातून धुण्याचा सोडा आणून दिला होता. त्या वर्षीचे पापड लाल पडले, जिभेला चरचरले. "हा सोडा जाळते ना बाप्पा," ती म्हणाली. पुढच्या वर्षी खाण्याचा सोडा दिला, तर लाटताना कडा फाटू लागल्या. मी नवा नवा पदवीधर. तिला समजावले की, आजी, सोडा तो सोडाच, लोणारचा काय आणि मिठापूरचा काय, रेणू सारखाच. ती काही बोलली नाही.

हे सिद्ध करण्याची मला फार घाई झाली होती. १९७४ चा हिवाळा असावा. आजी लेकीकडे गेली होती. मी बरणीतला खडा उचलला, आणि थोडा पुरत नाही म्हणून सगळेच उचलले, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत नेऊन ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवले. अकरावीच्या मुलांसमोर मोठ्या ऐटीत अनुमापन मांडले. आधी फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, द्रावण गुलाबी. आम्ल थेंबथेंब टाकत गेलो, रंग गेला, आकडा टिपला. मग मिथिल ऑरेंज, पुन्हा आम्ल, पुन्हा आकडा. खड्यात नुसते कार्बोनेट असते तर दोन्ही आकडे सारखे यायला हवे होते. दुसरा पहिल्यापेक्षा बराच मोठा आला. पुन्हा केले, तेच. म्हणजे खड्यात बायकार्बोनेट भरपूर होते. सिल्व्हर नायट्रेट टाकले तर दह्यासारखा साका, म्हणजे मीठही होते. धुण्याचा सोडा फार तिखट, खाण्याचा फार मवाळ, आणि आजीचा दल्ला बरोबर त्यांच्या मधला. उडदाच्या पिठातली प्रथिने त्या तेवढ्या क्षारात फुगतात, पीठ लवचिक होते. क्षार वाढला की भाजताना रंग गडद होतो आणि चव बिघडते. आजी रेणूबद्दल बोलतच नव्हती. ती प्रमाणाबद्दल बोलत होती, आणि पृथक्करणाने तिचीच बाजू खरी ठरवली होती. तोवर तिचे सगळे खडे माझ्या चंचुपात्रातून मोरीत गेले होते.

ती परत आल्यावर मी सांगितले. आकड्यांसकट सांगितले, जणू आकड्यांनी काही भरून निघणार होते. तिने बरणी उघडून आत पाहिले, फडक्याने पुसली आणि माळ्यावर ठेवायला माझ्याच हातात दिली.

त्यानंतर दहा-अकरा वर्षांत वाळूजचे रूप पालटले. १९८० नंतर औद्योगिक वसाहत आली, ज्वारीच्या रानांत कारखान्यांची पत्र्याची छपरे उठली, गावचे लोक पाळीचे भोंगे ऐकून घड्याळ लावू लागले. सोड्याच्या गोण्यांनी भरलेले ट्रक नगर रस्त्यावरून आत वळताना मी शाळेतून येता-जाता पाही. कूपनलिकेचे आमचे पाणी जड. त्यात साबण फेसत नाही, भांड्याला पांढरा थर धरतो. सोडा टाकला की चुना खाली बसतो आणि पाणी मृदू होते, म्हणून बाष्पकांना आणि धुलाईला तो लागतो. पाणी जड करणारा चुना काळ्या पत्थरातलाच, आणि लोणारचा सोडाही त्याच पत्थरातला, हे मुलांना सांगितले की त्यांना गंमत वाटे.

लोणारला मी स्वतः गेलो तो निवृत्तीनंतर. वरच्या धारेला गोड पाणी अखंड पडत होते. तीर्थ म्हणून लोक त्यात न्हात होते. तिथून खाली उतरलो, बाभळीच्या दाट वनातून, मोडक्या देवळांच्या मधून, आणि शेवटी त्या हिरव्या, जड, वास मारणाऱ्या पाण्याशी आलो. मासा नाही, हिरवळ ती सूक्ष्म शेवाळाची. काठावर एके ठिकाणी पांढरी साय धरलेली होती. उकिडवा बसून बोट लावले, जिभेला लावले. आधी खारट, मग तुरट. २००० साली तळे अभयारण्य झाले आहे, त्यामुळे तिथून काही उचलता येत नाही. मी उचलले नाही. फक्त बोट बराच वेळ धुतले नाही.

२०२० च्या जूनमध्ये तळे एकाएकी गुलाबी झाले आणि वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने दूरध्वनीवर विचारले, "सर, कोणी फिनॉल्फ्थॅलीन तर ओतलं नाही ना?" सामू पाहता रंग अगदी तसाच आला असता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा कळले की उन्हाळ्यात पाणी उतरून खार दाट झाला होता आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या, गुलाबी रंगद्रव्य बाळगणाऱ्या सूक्ष्म जीवांची संख्या वाढली होती. पाऊस पडल्यावर रंग ओसरला. त्याच वर्षी तळ्याला रामसर यादीत जागतिक महत्त्वाचे पाणथळ म्हणून स्थान मिळाले. लवणासुराच्या रक्ताचा उल्लेखही कोणी तरी केलाच.

नातीने हे सगळे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, "मग पणजीचे पापड परत तसे झालेच नाहीत?" झाले नाहीत. आजी त्यानंतर नऊ उन्हाळे होती. दर वर्षी वाण्याकडचा पापडखार आणून, चिमूट कमी-जास्त करून, पहिला पापड निखाऱ्यावर धरी, मोडून एक तुकडा माझ्या हातावर ठेवी आणि मी चावेपर्यंत माझ्या तोंडाकडे पाहत राही. मी "चांगला झालाय" म्हणत असे. ती दुसऱ्या चिमटीला हात घाली.

सुनेने बरणी पुन्हा माळ्यावर ठेवली आहे.